सुयांवर अडकलेली लोकर

लोकरीचा साठा कमी करायचे मनावर घेतले की विणणाऱ्या माणसाचा हात सहसा उरलेल्या गुंड्यांकडे जातो. वीस-पंचवीस ग्रॅमचे रंगीत शेष एकत्र करून पट्ट्यापट्ट्यांची टोपी, चौकोनांचे पांघरूण किंवा लहानसा मफलर असे काहीतरी नवे मांडले जाते आणि काही आठवड्यांनी साठा होता तेवढाच राहून त्यात आणखी एका अर्धवट कामाची भर पडते. गेल्या काही महिन्यांत मी हा क्रम उलटा करून पाहिला. नवे टाके घालणे पूर्ण थांबवले आणि वर्षानुवर्षे पिशव्यांमध्ये पडून असलेली कामे आधी हाती घेतली. त्यातून माझे एक ठाम मत झाले आहे, ते असे की साठ्यातील खरी अडकलेली लोकर सुयांवर असते आणि ती मोकळी केल्याशिवाय कपाट, सुया आणि डोके यांपैकी काहीही मोकळे होत नाही.

याला साध्या हिशेबाचा आधार आहे. डबल निटिंग म्हणजे मध्यम जाडीच्या लोकरीत मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला साधारण ४०० ते ६०० ग्रॅम लोकर लागते आणि दोन्ही बाह्या मिळून त्यातला अंदाजे एक-तृतीयांश भाग घेतात. पाठ आणि पुढा विणून झाला आणि काम बाह्यांपाशी थांबले, तर दीडशे-दोनशे ग्रॅम कोरी लोकर त्या स्वेटरच्या नावाने राखून पडते. तिला दुसऱ्या कामासाठी हात लावण्याचा धीर होत नाही आणि ती वापरलीही जात नाही. त्याच जाडीच्या लोकरीत एका टोपीला ७० ते १०० ग्रॅम पुरतात. म्हणजे राहिलेल्या दोन बाह्या पूर्ण केल्याने साठ्यातून दोन टोप्यांइतकी लोकर कमी होते, शिवाय विणून पडलेल्या तीनशे-चारशे ग्रॅमचे अखेर वस्त्र होते आणि गुंतून पडलेल्या सुया परत मिळतात.

अर्धवट कामे पुरी करण्यासाठी निश्चय लागतो असे सर्रास सांगितले जाते. मला ते पटत नाही. एखादे काम थांबते ते बहुधा एका नेमक्या जागी थांबते आणि ती जागा कोणती हे कळले की निम्मी अडचण सुटते. कुठे गळ्याचा निर्णय घ्यायचा राहिलेला असतो, कुठे बटणांच्या घरांमधले अंतर मोजायचे असते, कुठे लोकर पुरणार नाही अशी धास्ती असते, कुठे आपण नमुन्याच्या कितव्या ओळीवर आहोत हेच हरवलेले असते. काही कामे केवळ कंटाळ्याने थांबतात, आणि एक मोजा झाल्यावर दुसरा न होणे हा त्याचा सर्वांच्या ओळखीचा प्रकार. म्हणून सर्व पिशव्या दिवसाच्या उजेडात एकदाच उघडून प्रत्येक कामाला एक चिठ्ठी जोडावी आणि तिच्यावर फक्त थांबण्याचे कारण लिहावे. ‘बाही’, ‘गळा’, ‘लोकर कमी’, ‘ओळ हरवली’, ‘आवडत नाही’ एवढे पुरते. शेवटचे कारणही प्रामाणिक आहे, त्याकडे पुढे येईन.

पिशव्या उघडताना एक खबरदारी मात्र टाळू नये. बराच काळ बंद राहिलेली अस्सल लोकर कसरीने खाल्लेली असू शकते. उडणारा लहानसा पतंग स्वतः काही खात नाही. नुकसान करते ती त्याची अळी, कारण लोकरीतील केराटिन हे प्रथिन पचवण्याची क्षमता तिच्यात असते. अॅक्रिलिक आणि सुती धाग्याला तिच्यापासून सहसा भय नसते, मात्र घामाचे किंवा तेलाचे डाग असलेले मिश्र धागेही ती कुरतडते. गुंडा उलगडताना धागा जागोजाग तुटत असेल, घड्यांमध्ये बारीक वाळूसारखे कण किंवा जाळीसारखे पापुद्रे दिसत असतील, तर ती पिशवी इतर साठ्यात मिसळण्यापूर्वी हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंश सेल्सियसच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावी आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, म्हणजे आतल्या धाग्यावर पाणी धरत नाही.

लेबले हरवलेली असतात हे तर गृहीतच धरावे. धागा कशाचा आहे हे ओळखण्यासाठी बोटभर तुकडा चिमट्यात धरून, धातूच्या ताटलीवर, जवळ पाणी ठेवून जाळून पाहता येतो. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत दूर नेली की ती लवकर विझते आणि मागे बोटांनी चुरगळणारी काळी राख राहते. सूत कागदासारखे जळते आणि हलकी करडी राख ठेवते. अॅक्रिलिक वितळते आणि थंड झाल्यावर त्याची टणक गाठ बनते. ही ओळख पटवणे पुढच्या धुण्यासाठी आणि इस्त्रीसाठी महत्त्वाचे आहे, कारण लोकरीला गरम पाणी आणि घासणे एकत्र मिळाले की तिच्या तंतूंवरील खवले एकमेकांत अडकून ती आटते आणि नमद्यासारखी घट्ट होते, तर अॅक्रिलिकला तापलेली इस्त्री थेट लागली की त्याची उसळी कायमची जाते आणि वीण लोळागोळा होऊन पडते. या दोन्ही गोष्टी मागे फिरवता येत नाहीत.

सुईच्या क्रमांकातही एक जुना घोळ दडलेला असतो. जुन्या नमुन्यात ‘८ क्रमांकाची सुई’ एवढेच लिहिलेले असेल, तर नमुना कुठल्या पद्धतीचा आहे हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. जुन्या ब्रिटिश मोजणीत ८ क्रमांक म्हणजे ४ मिलिमीटर आणि अमेरिकन मोजणीत ८ क्रमांक म्हणजे ५ मिलिमीटर. इतकेच नाही, ब्रिटिश पद्धतीत क्रमांक वाढतो तशी सुई बारीक होत जाते, तर अमेरिकन पद्धतीत जाड होत जाते. त्यामुळे चिठ्ठीवर सुईचे माप मिलिमीटरमध्येच लिहावे. मध्येच एखाद्या दुसऱ्या कामासाठी सुई काढून घ्यावी लागली, तर टाके जाड सुती दोऱ्यावर घेऊन ठेवावेत आणि कोणती सुई काढली याची नोंद तिथेच करावी. अर्धवट कामातून सुई उसनी घेणे हे त्या कामाचे भवितव्य संपवण्याचे सर्वांत खात्रीचे साधन आहे असे मला वाटू लागले आहे.

आता मूळ अडचण, म्हणजे जुने काम नव्याने हातात घेतल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचे. आधी वीण वाचायची. एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट अशा विणीत सुलट बाजूला दिसणारी प्रत्येक इंग्रजी व्हीसारखी खूण म्हणजे एक ओळ. सगळ्या ओळी सुलट असतील तर प्रत्येक उठावदार कंगोरा म्हणजे दोन ओळी. वेणीच्या विणीत टाके जिथे एकमेकांवरून नेलेले असतात तिथे वीण किंचित ताणून धरली की कडेला लहान छिद्र दिसते, ती वळणाची ओळ. तिच्यापासून वर मोजत आले की आपण कुठे आहोत हे कळते. जाळीच्या विणीत एवढ्याने भागेलच असे नाही, तिथे एका पूर्ण आवर्तनाच्या शेवटापर्यंत मागे उसवत येणे हाच सरळ मार्ग. कुठल्याही कामात निदान वरच्या एक-दोन ओळी उसवून टाकाव्यात, असे मी सांगेन. कित्येक महिने सुईवर ताणून राहिलेले टाके तसेच पुढे विणले की त्या जागी आडवी रेघ उमटते आणि धुतल्यावरही ती पुष्कळदा पुरती जात नाही. उसवण्याआधी ज्या ओळीवर थांबायचे तिच्या प्रत्येक टाक्याच्या उजव्या पायातून, म्हणजे उजव्या बाजूच्या धाग्याखालून, बारीक गुळगुळीत दोरा ओवून घ्यावा. मग एकही टाका खाली निसटत नाही आणि मनातली धाकधूक जाते.

यानंतर हाताची घट्टी, म्हणजे ठरावीक रुंदीत किती टाके बसतात ते, तपासायची. जाणकारांच्या लेखनातही ही गोष्ट अनेकदा एका वाक्यात उरकली जाते, पण जुन्या कामांच्या बाबतीत सगळा खेळ इथेच असतो. विणणाऱ्याचा हात वर्षांगणिक बदलतो. सराव वाढला की पुष्कळांचा हात सैल आणि एकसारखा होतो, काहींचा घट्ट होतो, आणि लाकडी सुईवरून धातूच्या सुईवर गेले तरी फरक पडतो. समजा, जुन्या पाठीवर १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसतात. त्या मापाने ६६ टाक्यांची बाही वरच्या बाजूला ३० सेंटिमीटर रुंद होईल. आजच्या हाताने त्याच सुईवर १० सेंटिमीटरमध्ये २४ टाके बसत असतील, तर तेवढ्याच टाक्यांची बाही साडेसत्तावीस सेंटिमीटर भरेल आणि दंडाला आवळेल. कागदावरची सूचना तंतोतंत पाळूनही बाही चुकते, ती अशी. म्हणून पाठ आणि पुढा यांची घट्टी प्रत्यक्ष कपड्यावर, कडांपासून दूर, सपाट जागी मोजावी, राखून ठेवलेल्या लोकरीचा नमुन्याचा तुकडा आजच्या हाताने विणून धुवावा, आणि दोन्ही मापे जुळेपर्यंत सुई पाव किंवा अर्धा मिलिमीटरने बदलावी. नमुन्यात छापलेली घट्टी आता अप्रस्तुत आहे. जुळवायचे ते तयार भागाशी.

बाह्या दोन्ही एकदम विणाव्यात. लांब तारेच्या गोल सुईवर शेजारी शेजारी, दोन वेगवेगळ्या गुंड्यांनी, एक ओळ डावीची आणि एक ओळ उजवीची. असे केल्याने वाढवलेले टाके दोन्हींकडे एकाच ओळीत येतात, लांबी मोजून जुळवत बसावे लागत नाही, आणि एक झाली आता दुसरी कधी होणार हा प्रश्नच उरत नाही. मोज्यांनाही हाच उपाय लागू पडतो. एका बाबतीत मात्र तो जमत नाही: पहिला मोजा फार पूर्वी पुरा झालेला असेल आणि जोडीदार आज विणायचा असेल, तर पहिल्याच्या टाचेपासून पंजापर्यंतच्या ओळी मोजून घेऊन तेवढ्याच विणाव्यात आणि थोडा फरक राहिला तरी सोडून द्यावा. पाय तक्रार करत नाहीत.

लोकर पुरेल की नाही या धास्तीवर स्वयंपाकघरातील एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा हे औषध आहे. मूळ गुंडा ५० ग्रॅमचा आणि १२० मीटर लांबीचा होता असे ठाऊक असेल आणि आता १८ ग्रॅम उरले असतील, तर सुमारे ४३ मीटर धागा हाताशी आहे. सुलट-उलट ओळींच्या साध्या विणीत एका ओळीला तिच्या रुंदीच्या साधारण तिप्पट धागा लागतो आणि टाके बंद करायला साधारण चौपट. ४५ सेंटिमीटर रुंदीच्या तुकड्यावर एका ओळीला अंदाजे १३५ सेंटिमीटर जातील. टाके बंद करण्यासाठी दोन मीटर बाजूला काढले तर सुमारे ३० ओळी निघतात. हा ठोकताळा आहे. वेणीची वीण याहून जास्त धागा खाते आणि सैल जाळी कमी. अधिक भरवशाचे उत्तर हवे असेल, तर गुंड्याचे वजन करावे, दहा ओळी विणाव्यात आणि पुन्हा वजन करावे. फक्त दोन्ही वजने एकाच बैठकीत करावीत, कारण अस्सल लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा धरूनही हाताला ओली लागत नाही आणि दमट दिवशी उरलेली लोकर प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा जास्त भासते.

त्रिकोणी शालीची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती फार रंजक वाटते. मानेच्या मध्यापासून सुरू होऊन दर दोन ओळींनी ठरावीक टाके वाढत जाणारी शाल निम्म्या ओळी झाल्या की निम्मी झाली असे वाटते. प्रत्यक्षात क्षेत्रफळ ओळींच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे १२० ओळींच्या शालीत ६० ओळी झाल्यावर केवळ चतुर्थांश काम आणि चतुर्थांश लोकर संपलेली असते. निम्मी लोकर संपते ती पंच्याऐंशीव्या ओळीच्या आसपास आणि शेवटच्या बारा ओळी एकट्याच एकूण लोकरीचा जवळपास पाचवा हिस्सा घेतात. इतक्या शाली मध्यावर का सोडून दिल्या जातात याचे उत्तर या आकड्यांत आहे असे मला वाटते: विणणाऱ्याला उत्साह संपल्यासारखा वाटतो, पण खरे तर प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा लांब होत गेलेली असते आणि प्रगती दिसेनाशी झालेली असते. हे एकदा कळले की दोन मार्ग समोर येतात. शाल छोटी करून गळ्याभोवती बांधण्याजोगी ठेवायची आणि शेवटचा २० टक्के धागा काठासाठी राखायचा. किंवा मोठीच करायची, पण ओळी मोजणे सोडून गुंड्याचे वजन मोजायचे. ६० ग्रॅमवरून ५५ ग्रॅमवर येणे ही खरी प्रगती असते आणि काट्यावर ती दिसते. मी दुसरा मार्ग घेतला आणि बरीच वर्षे पडून असलेली करड्या रंगाची शाल त्या आकड्यांच्या ओढीनेच पुरी झाली.

लोकर खरोखरच कमी पडत असेल आणि त्याच लॉट क्रमांकाचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीतला, गुंडा आता मिळण्याजोगा नसेल, तेव्हा बहुतेक जण जवळपासच्या छटेचा गुंडा शोधतात. माझ्या मते हा सर्वांत वाईट पर्याय आहे. जवळची पण वेगळी छटा सरळ जोडली की ती चूक झाल्यासारखी दिसते. पूर्ण वेगळा रंग आणला की तो ठरवून केल्यासारखा दिसतो. मनगटाचे काठ, गळपट्टी, खालचा काठ, बटणांची पट्टी, खिसे अशा जागी नजर बदलाची अपेक्षाच करते, तिथे विरोधी रंग खुलेपणाने वापरावा. एकाच छटेचे दोन लॉट वापरणे अटळ असेल, तर जिथे जुना गुंडा संपेल तिथे नवा जोडण्याऐवजी शेवटचा मोठा पट्टा दोन ओळी जुन्या आणि दोन ओळी नव्या असा आलटूनपालटून विणावा, म्हणजे सीमारेषा विरघळून जाते. बाह्या अजून विणायच्या असतील तर आणखी सोपे आहे: दोन्ही बाह्या संपूर्ण नव्या लॉटच्या कराव्यात, कारण खांद्याच्या शिवणीपलीकडे प्रकाश वेगळ्या कोनातून पडतो आणि फरक कुणाच्या लक्षात येत नाही.

‘आवडत नाही’ अशी चिठ्ठी लागलेल्या कामांबद्दल माझे मत सरळ आहे: ती उसवावीत. उसवणे हाही काम निकालात काढण्याचाच एक प्रकार आहे आणि त्यातून साठा वाढल्यासारखा दिसला तरी प्रत्यक्षात तो वापरण्याजोगा होतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांवर रेशनिंग आले आणि विणकामाची लोकरही कुपनांवरच मिळू लागली, तेव्हा जुने स्वेटर उसवून त्याच लोकरीचे नवे विणणे घरोघर चालत असे. रीत आजही तीच आहे. उसवत असतानाच धागा खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून त्याची लड करावी, ती चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात न चोळता अर्धा तास भिजू द्यावी, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे आणि सावलीत टांगून वाळवावी. वेटोळी बसलेली लोकर तशीच विणायला घेऊ नये, कारण तिच्यावर मोजलेली घट्टी खोटी निघते. कपडा पहिल्यांदा धुतला की धागा सरळ होतो आणि माप बदलते. मोहेरसारखे केसाळ धागे मात्र एकमेकांना इतके बिलगलेले असतात की उसवताना तुटतात, तेव्हा तिथे फार हट्ट करू नये.

उसवायचे की पुरे करायचे याची माझी कसोटी एवढीच आहे की आज हा कपडा तयार मिळाला असता तर तो वापरात आला असता का. ज्याच्यासाठी विणायला घेतले ते मूल मोठे झाले, ही अडचण मात्र उसवण्याचे कारण होऊ शकत नाही. स्वेटरचे माप ठरलेले असते, माणूस बदलता येतो. छातीचे माप घेऊन त्या मापाचे दुसरे एखादे मूल नात्यात वा ओळखीत शोधावे आणि काम पुरे करावे. लहान मुलाच्या स्वेटरच्या बाह्या दोन संध्याकाळींत होतात, आणि इतक्या थोड्या कामासाठी पाठ-पुढा उसवणे म्हणजे घातलेले श्रम वाया घालवणे आहे.

शिवणकाम आणि टोके लपवणे याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ते कंटाळवाणे आहे आणि ते करावेच लागते. तुकडे आधी ओले करून मापावर पसरून वाळवले, तर कडा सरळ होतात आणि शिवण पटकन बसते. सुलट बाजू वर ठेवून, दोन्ही कडांच्या पहिल्या टाक्याच्या आतली आडवी दोरी आळीपाळीने उचलत गेले की शिवण दिसत नाही. अंधारात गडद रंगाची लोकर शिवायला बसू नये, एवढेच सांगेन.

अर्धवट कामे सरली की मगच खऱ्या अर्थाने उरलेल्या गुंड्यांची पाळी येते, आणि त्या वेळी ते गुंडे आधी वाटले होते त्यापेक्षा कमी निघतात. इथे चौकोनांच्या पांघरुणाचा मोह पुन्हा होतो. एक मीटर रुंद आणि दीड मीटर लांब पांघरुणाला १० सेंटिमीटरचे दीडशे चौकोन लागतात आणि प्रत्येकाची दोन टोके धरली तरी तीनशे टोके ओवून लपवायची असतात, जोडणी वेगळीच. हे काम कुणी करूच नये असे माझे म्हणणे नाही, पण साठा संपवण्यासाठी ते घेणे म्हणजे एक नवी अर्धवट पिशवी भरायला घेणे आहे. त्यापेक्षा एका कोपऱ्यातून सुरू होऊन तिरके वाढत जाणारे एकच मोठे पांघरूण बरे. त्यात गुंडा संपेल तिथे पुढचा जोडायचा आणि एकूण लोकरीचे निम्मे वजन संपले की टाके कमी करत समोरच्या कोपऱ्याकडे जायचे, म्हणजे तराजूच्या आधाराने ते बरोबर चौरस पूर्ण होते. जोडताना धागा अस्सल लोकरीचा आणि यंत्रात धुता यावा यासाठीची प्रक्रिया न केलेला असेल, तर दोन्ही टोके थोडी विसविशीत करून, ओली करून, तळहातांमध्ये जोरात चोळली की ती एकजीव होतात आणि टोक लपवण्याचा प्रश्नच राहत नाही. अॅक्रिलिकवर आणि सुतावर ही युक्ती चालत नाही.

वेगवेगळ्या जाडीचे शेष असतील तर बारीक धागे दुहेरी घ्यावेत. फोर प्लाय या बारीक धाग्याचे दोन पदर एकत्र धरले की जवळपास डबल निटिंगची जाडी मिळते, आणि एक पदर एकाच शांत रंगाचा ठेवून दुसरा पदर बदलत गेले तर एरवी भांडणारे रंग सहज निभावतात. रंगसंगती जमते की नाही हे पाहण्यासाठी गुंड्यांचे छायाचित्र कृष्णधवल करून पाहावे. ज्या दोन रंगांची करडी छटा सारखीच दिसते ते शेजारी ठेवले की नक्षी बुडते. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंडजवळच्या फेअर आयल बेटाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विणीत कितीही रंग असले तरी एका ओळीत सहसा दोनच रंग असतात, आणि म्हणूनच पाच-सात ग्रॅमचा शेषही तिथे एखादी ओळ भरून काढतो.

प्रत्येक पुऱ्या झालेल्या कपड्याच्या लोकरीतून पाच-सहा मीटर धागा कपड्याच्या नावाची चिठ्ठी लावून डागडुजीसाठी वेगळा ठेवते. कोपरावर आणि टाचेवर वीण विरते तेव्हा नेमकी तीच छटा लागते, आणि हा धागा कपड्याबरोबर एकदा धुऊन घेतलेला असला तर रफू केलेली जागा आटून ओढली जात नाही. मीटरभरापेक्षा आखूड तुकडे लहान मुलांच्या खेळण्यांत भरायला जातात. पक्ष्यांना घरट्यासाठी म्हणून ते बाहेर टांगण्याची एक प्रथा आहे, ती मी पाळत नाही, कारण लांब धागे पिलांच्या पायांत गुंततात. सध्या माझ्याकडे दोनच पिशव्या बंद आहेत. एकीत वेणीच्या विणीचे जाकीट आहे, त्यावर ‘लोकर कमी’ अशी चिठ्ठी आहे आणि त्याच्या बाह्या आता गडद निळ्या होतील. दुसरीत मोहेरची जाळीदार शाल आहे. तिचा नमुना हरवला आहे, उसवता ती येत नाही, म्हणून झालेल्या भागावर काठ घालून तिचा लांबट मफलर करायचा असे ठरले आहे.